दोन वेळची मेहनत

संध्याकाळी साडेसहाला ती गॅलरीतल्या दोरीवरची सायकलिंगची शॉर्ट्स काढते आणि आतली गादी दोन बोटांत दाबून बघते. सकाळी आठला धुऊन, पिळून वाळत घातलेली. वरचं कापड सुकलंय, गादी अजून दमट आहे. आषाढ सरत आलाय. पुण्याच्या या हवेत पायपुसणंसुद्धा दिवसभरात वाळत नाही. दुसरी जोडी आहे, पण ती कालची आणि तिचीही हीच गत. ओल्या गादीवर तासभर बसलं की मांडीच्या सांध्यात कातडी सोलवटते आणि मग पुढचे चार दिवस सीटवर टेकवत नाही, हे तिला अनुभवानं ठाऊक आहे. ती पंखा पाचवर करते, शॉर्ट्स उलटी करून खुर्चीच्या पाठीवर टाकते आणि सायकलच्या चाकांतली हवा बघायला वाकते.

आतून आईचा आवाज येतो. "अगं, सकाळी जाऊन आलीस ना? मग आता पुन्हा?"

दिवसातून दोनदा सायकल चालवणाऱ्या कुणालाही घरात हा प्रश्न चुकत नाही. काळजी, थोडी तक्रार आणि खरंखुरं कुतूहल, तिन्ही त्यात असतं. घाम एकदा गाळला, अंघोळ झाली, जेवण झालं, बँकेत जाऊन आठ तास काम झालं; मग तेच सगळं पहिल्यापासून कशासाठी?

सकाळ सोपी असते. पावणेपाचला गजर, पाच वीसला धनकवडीच्या उतारावरून खाली आणि कात्रज चौकातून जुन्या घाटाला. त्या वेळी रस्त्यावर दुधाचे टेम्पो, एखादी एसटी आणि घाटाकडे निघालेले दोन-चार लाल दिवे, बाकी कुणी नाही. पुण्यातले सायकलवाले एकमेकांना "बोगदा का?" एवढंच विचारतात, जुन्या घाटाच्या माथ्यावरचा बोगदा म्हणजेच कात्रज, हे सगळ्यांना माहीत असतं. चढ फार उभा नाही, पण सलग आहे, मध्ये दम घ्यायला सपाटी देत नाही. मंगळवारी तिचं काम ठरलेलं: आठ-आठ मिनिटांचे चार तुकडे, श्वास इतका लागलेला की पूर्ण वाक्य बोलता येऊ नये, पण इतकाही नाही की पुढच्या वळणाला पाय गळावेत. तुकडा संपला की खाली वळायचं, पाय मोकळे करायचे, पुन्हा चढायचं. चौथ्या तुकड्यात मांड्यांमध्ये जी आग पेटते तिच्यात एक प्रकारचा आनंद असतो. वर पोचून मागे पाहिलं की शहराचे दिवे एकेक करून विझत असतात. सकाळच्या मेहनतीला अंधार, थंडावा, रिकामा रस्ता आणि झोपून उठलेलं शरीर असे चार सोबती असतात.

संध्याकाळी यातलं काहीच नसतं.

तिला सहाशे किलोमीटरची बीआरएम करायची आहे. या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्यांची पद्धत फ्रान्सची आणि तिचे नियम पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबचे: दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास, तीनशेला वीस, चारशेला सत्तावीस, सहाशेला चाळीस. कुणाला हरवायचं नसतं, फक्त घड्याळाच्या आत परत यायचं. दोनशे आणि तीनशे तिनं पार केले. चारशेला पहाटे तीनच्या सुमारास असा एक तास आला की पाय फिरत होते आणि ते कुणाचे आहेत हे कळत नव्हतं. त्या तासाची तयारी कशी करायची? ४७ वर्षांच्या, पूर्ण वेळ नोकरी करणाऱ्या, घरात म्हातारी आई असलेल्या बाईला मधल्या वारी सहा तासांची सलग राइड मिळत नाही. मिळतात ते सकाळचे दोन तास आणि संध्याकाळचा एक. मग दोन्ही घ्यायचे. सकाळी दमवलेले पाय संध्याकाळी पुन्हा पॅडलवर ठेवायचे. लांब पल्ल्याची सर याला येत नाही. दोन अधिक एक म्हणजे सलग तीन होत नाहीत, कारण सलग तिसऱ्या तासाला मधली अंघोळ आणि मधलं जेवण नसतं. पण दमलेल्या पायांची ओळख होते आणि ती तिला हवी आहे.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. फक्त ती सायकलवर न वाढता तालमीच्या तांबड्या मातीत वाढली. कोल्हापूरच्या मोतीबाग किंवा गंगावेश तालमीतल्या पैलवानाचा दिवस पिढ्यान्‌पिढ्या दोन वेळचाच आहे: पहाटेची मेहनत आणि संध्याकाळची मेहनत. शब्दही तिथलाच, 'मेहनत'. एका वेळेला आखाड्यात लढती, दुसऱ्या वेळेला जोर, बैठका, दोर. आणि या दोहोंच्या मध्ये पैलवान काय करतो, याकडे तालमीचं जेवढं लक्ष असतं तेवढं बाहेरच्या माणसाचं नसतं. तो खातो आणि झोपतो. दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण, आणि मग दुपारी दार लोटून घेतलेली गाढ झोप. खुराक हा शब्द मराठीत पैलवानासाठीच राखून ठेवल्यासारखा वापरला जातो. वस्ताद नव्या पोराला सांगतो ते एवढंच की खुराक परवडत नसेल तर दोन वेळची मेहनत धरू नकोस. व्यायामशास्त्राच्या पुस्तकांत हेच बरीच पानं खर्चून लिहिलेलं असतं.

तिला हे उशिरा कळलं. सुरुवातीला तिला वाटायचं की दोन सेशन म्हणजे दोन गोष्टी, सकाळची आणि संध्याकाळची. आता ती तीन मोजते आणि मधलीला सगळ्यात जास्त जपते.

त्या मधल्या तासांत शरीरात काय चालतं, ते शोधायला दोन स्वीडिश संशोधकांनी सायकलच वापरली होती. १९६६ साली योनास बेर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन या दोघांनी व्यायामाच्या एका स्थिर सायकलच्या दोन बाजूंना बसून एकेक पाय चालवला. एकाचा डावा, दुसऱ्याचा उजवा. दुसरा पाय तसाच स्वस्थ. पॅडल मारणारा पाय पार थकेपर्यंत त्यांनी थांबवला नाही. मग मांडीत सुई खुपसून दोन्ही पायांतल्या स्नायूंचे कण काढले, स्वतःच्याच. पुढचे तीन दिवस पिष्टमय अन्न भरपूर खाल्लं आणि रोज पुन्हा सुई. थकलेल्या पायात ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूत साठवलेली साखर, नुसती भरून आली नाही. स्वस्थ बसलेल्या पायाच्या जवळजवळ दुप्पट झाली. तेच रक्त, तेच जेवण, तोच माणूस, आणि तरी ज्या पायानं काम केलं त्याच पायानं जास्त मागून घेतलं. भुकेला पाय कोणता हे शरीराला बरोबर कळतं. दोन शहाणी माणसं एका सायकलला दोन्हीकडून चिकटून एकेक पाय मारतायत, हे चित्र तिला फार आवडतं. घाटात तिसऱ्या तुकड्याला ते कधीकधी डोळ्यांपुढे येतं.

धडधाकट माणसाच्या सगळ्या स्नायूंत मिळून चारशे-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन मावतं आणि यकृतात शंभरेक. जोरदार दीड-दोन तासांत त्याचा मोठा हिस्सा उडतो. पूर्ण भरायला एक अख्खा दिवस लागतो, आणि दोन वेळच्या मेहनतीत तो दिवस नसतो. असतात दहा-अकरा तास, त्यातले आठ नोकरीचे. म्हणून पहिले चार तास मोलाचे. वजनाच्या दर किलोमागे तासाला साधारण एक ग्रॅम पिष्ट पोटात गेलं तर भरणा सगळ्यात वेगानं होतो. तिचं वजन ५६ किलो. म्हणजे तासाला दोन केळी आणि वर थोडं. हा हिशोब तिनं फ्रिजवर चिकटवलेला नाही, तो तिच्या हाताला बसला आहे. घरी आल्या आल्या उभ्या उभ्या एक केळं आणि गुळाचा खडा. अंघोळीनंतर पोहे, भरपूर, वर खोबरं. डब्यात पोळीऐवजी भात आणि घट्ट वरण, कारण पोळ्या चावत बसायला काउंटरवर वेळ मिळत नाही. साडेतीनला ड्रॉवरमधला राजगिऱ्याचा लाडू. शेजारच्या टेबलावरच्या बाई डाएटवर आहेत. त्या दर मंगळवारी आणि गुरुवारी तिच्या डब्याकडे जराशा आश्चर्यानं बघतात.

आणि झोप. बँकेत दुपारी दार लोटून घेता येत नाही. पण जेवणाच्या सुट्टीतली शेवटची बारा मिनिटं ती रेकॉर्ड रूममध्ये खुर्चीत बसून डोळे मिटते. जुन्या लेजरांचा वास, वर करकरणारा पंखा. झोप लागतेच असं नाही. मान मागे टेकते, जबडा सैल होतो, मांडीतली ठसठस जरा लांब गेल्यासारखी वाटते, तेवढं पुरतं.

दोन वेळच्या मेहनतीचं गणित इथे एक वेगळं वळण घेतं आणि त्यावर सायकलवाल्यांत मनापासून वाद होतात. २००५ मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी सराव नसलेल्या सात तरुणांवर एक प्रयोग केला. पुन्हा पायापायांत वाटणी. एका पायाला रोज एक तास व्यायाम; दुसऱ्याला एका दिवशी दोन तास, मध्ये दोन तासांची विश्रांती, आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण सुट्टी. दहा आठवड्यांत दोन्ही पायांचं एकूण काम अगदी सारखं. ताकद दोन्ही पायांची सारखी वाढली. पण दमेपर्यंत टिकून राहण्यात दोन वेळा राबलेला पाय बराच पुढे गेला. कारण असं सांगतात की दुसऱ्या तासाला तो पाय अर्ध्या रिकाम्या कोठारानं कामाला लागत होता. साखर कमी असताना काम केलं की पेशी जास्त निकडीचा निरोप धाडतात: ऊर्जा तयार करणारी केंद्रं वाढवा, चरबी जाळायला शिका.

मग काय, रिकाम्या पोटी दुसरं सेशन करायचं फॅड आलं. ते पूर्ण खोटं नाही, पण तिच्या मते अर्धवट वाचलेलं आहे. २००८ मध्ये मेलबर्नमध्ये हीच कल्पना नवख्यांवर न करता मुरलेल्या सायकलपटूंवर तपासली. तीन आठवडे एका गटानं एक दिवस लांब राइड आणि दुसऱ्या दिवशी जोराचे तुकडे केले. दुसऱ्या गटानं दोन्ही एकाच दिवशी, एकामागोमाग. दोन वेळच्या गटातल्यांना जोराच्या तुकड्यांत तेवढी ताकद लावता आली नाही, त्यांचे स्नायू चरबी जास्त वापरायला शिकले, आणि शेवटी तासाभराच्या शर्यतीत दोन्ही गट सारखेच, दहाएक टक्क्यांनी सुधारले. म्हणजे पेशींत फरक पडला, शर्यतीत पडला नाही. ज्याला सहाशे किलोमीटर अंधारात चालवायचे आहेत त्याला चरबी वापरायला शिकलेला स्नायू कामाचा असेल. पण ज्याचे जोराचे तुकडेच रिकाम्या पोटामुळे लुळे पडतात, त्याचं नुकसान होतं. तिनं तिच्यापुरता निर्णय घेतला आहे: जोर सकाळी, भरल्या पायांनी, संध्याकाळी हळू आणि सावकाश, आणि दिवसभर नीट खाऊन. पाय तरीही पूर्ण भरलेले नसतातच. तेवढा दुष्काळ पुरे.

नॉर्वेच्या धावपटूंची दोन वेळची पद्धत आज जगभर गाजते आहे. मारिअस बॅकन या पाच हजार मीटरच्या धावपटूनं तिच्यावर बरंच काम केलं आणि पुढे तिथल्या ट्रायथलॉनवाल्यांनीही ती उचलली. एकाच दिवशी सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा बऱ्यापैकी वेगात सराव. बघणाऱ्याला वाटतं की ही माणसं स्वतःला पिळून काढतायत. असतं उलटं. दर काही मिनिटांनी बोटाला सुई टोचून रक्तातलं लॅक्टेट मोजतात आणि आकडा ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की वेग कमी करतात. सकाळी थोडं राखून ठेवलं तरच संध्याकाळ होते, इतका साधा व्यवहार आहे तो.

हे तिनं पाळलं नाही, तो महिना मागच्या पावसाळ्यातला. एका ओळखीच्याकडून सहा आठवड्यांचं वेळापत्रक मिळालं होतं, ज्यात सोमवार ते शनिवार दोन्ही वेळा सायकल होती. तिनं ते एखाद्या व्रतासारखं धरलं. पहिला आठवडा छान गेला. आपण कणखर आहोत असं वाटलं. दुसऱ्या आठवड्यात रात्री दोनला जाग यायला लागली, उगाचच, छाती धडधडत. सकाळी उठल्या उठल्या मोजायची ती नाडी ५४ वरून ६३ वर गेली. तिनं ते आकडे वहीत लिहिले आणि त्यांच्याकडे काणाडोळा केला. तिसऱ्या आठवड्यात घाटात एक विचित्र गोष्ट झाली. पाय पूर्ण जोर लावत होते, पण हृदयाचे ठोके वर चढेनात. पाय मागतात तेवढं हृदय द्यायला तयार नव्हतं. बोगद्याच्या अलीकडच्या वळणावर ती उतरली आणि कठड्याला टेकून उभी राहिली. दमही धड लागला नव्हता आणि पुढे जाताही येत नव्हतं. त्या महिन्यात पाळी आली नाही. तिनं ते वयावर ढकललं. रक्त तपासलं तेव्हा लोह फार खाली गेलेलं निघालं. ती दिवसाला दोन वेळा सायकल चालवत होती आणि जेवण मात्र एका वेळचं असल्यासारखं जेवत होती, वर वजन उतरतंय म्हणून खूशही होत होती.

बायकांच्या बाबतीत ही गोष्ट अजूनही पुरेशी मोठ्यानं सांगितली जात नाही, आणि तिला त्याचा राग येतो. व्यायामाला लागते तेवढी ऊर्जा अन्नातून मिळाली नाही की शरीर काटकसर सुरू करतं. आधी पाळी थांबवतं, मग हाडांची डागडुजी, मग रोगांशी लढण्याची ताकद. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव दिलं आणि ती पुरुषांतही दिसते हे सांगितलं. पण आपल्याकडे बाईनं कमी खाणं हा अजून गुण समजला जातो. सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर पातेल्यात उरेल ते तिचं. असं जेवणारीनं दोन वेळची मेहनत धरू नये. आधी पान नीट वाढून घ्यावं.

सायकलशर्यतींच्या जगानं मधल्या जेवणाचा आणि विश्रांतीचा धडा भर रस्त्यात घेतला. टूर द फ्रान्समध्ये एके काळी एकाच दिवशी दोन-दोन टप्पे असत: सकाळी एक, दुपारी दुसरा. दोन गावांकडून पैसे येत, दोन ठिकाणी गर्दी जमे. १२ जुलै १९७८ ला सकाळी तार्ब ते व्हालांस दाजाँ आणि दुपारी तिथून तुलूझ असं ठरलं होतं. आदल्या दिवशी पिरेनीज पर्वतातला चढाचा टप्पा. त्यानंतर मुक्कामाला पोचायला उशीर, जेवायला उशीर, आणि पहाटे पुन्हा उठवलेलं. सायकलपटू निघाले, पण मुद्दाम रेंगाळत. व्हालांस दाजाँच्या वेशीवर लोक वाट बघत ताटकळले होते. शेवटची रेषा दिसू लागल्यावर सगळे सायकलीवरून उतरले आणि सायकल हातात धरून चालत आले. पुढच्या रांगेत बेर्नार हिनो, फ्रान्सच्या राष्ट्रीय विजेत्याची जर्सी घातलेला, अवघ्या तेविसाव्या वर्षी आपली पहिलीच टूर खेळणारा. तो टप्पा रद्द झाला. ती टूर पुढे हिनोनंच जिंकली. त्यांची मागणी कमी पळण्याची नव्हतीच. दोन टप्प्यांच्या मधली झोप आणि जेवण त्यांना हवं होतं.

आणि याच्या अगदी विरुद्ध टोकाला सायकलपटू झाक आंकेतिल. १९६५ च्या मे महिन्यात त्यानं दोफिने लिबेरे ही डोंगरातली आठवडाभराची शर्यत जिंकली, आव्हीन्योंला शेवटचा टप्पा संपल्यावर विमान पकडलं आणि त्याच रात्री बोर्दो-पॅरिस या साडेपाचशे किलोमीटरहून लांब शर्यतीला उभा राहिला. वाटेत त्यानं सोडून द्यायचं ठरवलंही होतं. त्याचा मार्गदर्शक राफाएल जेमिनियानीनं त्याला डिवचून पुन्हा सायकलवर बसवलं. दुसऱ्या दिवशी पॅरिसला तोच पहिला आला. ही हकिकत सायकलवाले एकमेकांना डोळे मोठे करून सांगतात. तीही ऐकताना भारावते. पण असं वर्षातून एकदा करायला आंकेतिल लागतो, आणि आंकेतिललाही मंगळवार-गुरुवार असं करायचं नव्हतं.

दोन वेळची मेहनत मंगळवार-गुरुवारच काय, रोज करणारे लोक वेगळे. मुंबईचा डबेवाला सकाळी भरलेले डबे पोचवतो आणि दुपारी तेच रिकामे डबे त्याच वाटेनं परत नेतो. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नरकडची ही माणसं शतकाहून जास्त काळ या दोन फेऱ्या करत आली आहेत, आणि फेऱ्यांच्या मध्ये सगळे मिळून एका जागी बसून जेवतात. पालखीसोबत चालणारे वारकरी बघा. आळंदीहून पंढरपूरपर्यंत रोजची वाटचाल दोन भागांत. मध्ये दुपारचा विसावा ठरलेला असतो, त्याची गावं आणि जागा वर्षानुवर्षं त्याच. पुण्याहून दिवे घाट चढून सासवडला जाण्याचा सगळ्यात लांब टप्पा असला तरी विसावा कुणी वगळत नाही.

आणि तिचे वडील.

ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ३१ वर्षं होते. घर तेव्हा कसब्यात. काळी ॲटलस, मागच्या कॅरिअरला डबा, पुढे डायनामोचा दिवा, दांडीला महापालिकेच्या सायकलकराचा बिल्ला, पायजम्याला क्लिप. जाताना सात किलोमीटर, येताना सात. सहा दिवस. आठवड्याला ८४, सुट्ट्या वजा करून वर्षाला सव्वाचार हजाराच्या आसपास. तिनं एकदा दुपारी बँकेतल्या कॅल्क्युलेटरवर मांडून पाहिलं, तर सगळे मिळून एक लाख तीस हजार किलोमीटर भरले. पृथ्वीला तीन फेऱ्या मारून वर उरतील इतके. वडिलांनी याला कधी व्यायाम म्हटलं नाही. त्यांना कुणी विचारलं असतं तर त्यांनी "कामाला जातो" एवढंच सांगितलं असतं. त्या काळी सकाळी भोंग्याच्या आधी खडकीच्या रस्त्यावर सायकलींची अशी रांग लागायची की रस्ता ओलांडणारा थांबूनच राहायचा, असं आई सांगते.

आई आणखीही एक सांगते. "हे संध्याकाळी आले की आधी सायकल स्टँडवर लावायचे, मग दहा मिनिटं ओट्यावर नुसते बसायचे. तेवढा वेळ त्यांना कुणी काही विचारायचं नाही. मी आपलं गूळ-पाणी नेऊन ठेवायची."

गेल्या गुरुवारची गोष्ट. संध्याकाळचं सेशन एरवी गॅलरीतल्या ट्रेनरवर होतं: मागचं चाक त्या यंत्रात अडकवायचं, समोर टेबलफॅन, हँडलवर पंचा. नेमकी वीज गेली. पंख्याशिवाय ट्रेनरवर पाच मिनिटंही बसवत नाही. घामाची धार थेट चेनवर गळते. पाऊस थांबला होता. तिनं सायकल सोडवली, दिवे लावले आणि खाली उतरली. कुठे जायचं ते ठरवलं नव्हतं. स्वारगेट, बाजीराव रस्ता, शनिवारवाडा, नवा पूल, शिवाजीनगर, आणि मग जुन्या मुंबई रस्त्यानं वाकडेवाडीवरून थेट खडकी. वडिलांचा रस्ता ती सायकलवरून पहिल्यांदाच जात होती.

पहिली दहा मिनिटं नेहमीसारखीच. सकाळच्या चढाची मांड्यांत आठवण, गुडघे गंजलेल्या बिजागरीसारखे, प्रत्येक सिग्नलला पुन्हा सुरुवात करताना पोटातून कंटाळा. संध्याकाळच्या सेशनला जी चिकाटी लागते ती चढावर लागत नाही, ती या पहिल्या दहा मिनिटांत लागते. मग कुठेतरी, बहुतेक नव्या पुलावर, पाय मोकळे होतात. ते कसं होतं हे तिला अजून उलगडलेलं नाही. जोर नसतो, पण गोलाई येते. पॅडल खाली दाबावं लागत नाही, फिरवलं जातं. दमलेला पाय जास्तीची हालचाल करत नाही. सकाळी ताकदीच्या भरात जे खांदे हलतात, हँडल ओढलं जातं, ते सगळं गळून पडतं. या वेळी ती सकाळपेक्षा चांगली सायकल चालवते, अशी तिची खात्री आहे.

खडकीहून परतताना पुढे एक काळी सायकल दिसली. कॅरिअरला कापडी पिशवीत डबा, चेनकव्हर खडखडतंय, चालवणारे काका साठीच्या आसपासचे, अंगावर रेनकोटचा फक्त वरचा भाग. वरून मेट्रो गेली. दोन्ही बाजूंनी मोटरसायकली चिकटून जात होत्या. काका आपल्या रेषेतून तसूभर हलले नाहीत. तिनं वेग कमी केला आणि त्यांच्या मागे राहिली. तिच्या घड्याळात ठोके ११८, म्हणजे संध्याकाळी जेवढे हवेत तेवढेच. त्यांचे पाय एका लयीत चालले होते. चढ आला तर किंचित पुढे झुकायचे, उतार आला की पाय थांबवायचे, एक थेंब उगाच सांडायचा नाही. वाकडेवाडीच्या पुढे त्यांनी मागे न बघता हात बाहेर काढला, घंटी दोनदा वाजवली आणि एका गल्लीत वळले.

ती घरी पोचली तेव्हा वीज आली नव्हती. जिना अंधारात होता. सायकल तिनं भिंतीला टेकवली आणि वर न जाता पहिल्याच पायरीवर बसली. हेल्मेट काढलं, हातमोजे काढले, बूट तसेच. मांड्या हलकेच थरथरत होत्या, आणि पाठीवरचा घाम वाऱ्यानं गार पडत चालला होता. वर दार उघडल्याचा आवाज झाला. बॅटरीचा उजेड पायऱ्यांवरून सावकाश उतरत आला, तिच्यापर्यंत येऊन थांबला आणि पुन्हा वर गेला. थोड्या वेळानं आई एकेक पायरी धरत खाली आली, तिच्या शेजारी पायरीवर पाण्याचा तांब्या आणि वाटीत गुळाचा खडा ठेवला, आणि काही न विचारता परत वर गेली.